रेंज संपते तिथून पुढे

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. सह्याद्रीतल्या एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत मी स्वीपर होते. स्वीपर म्हणजे सगळ्यात शेवटच्या धावपटूच्याही मागून येणारी व्यक्ती. वाटेवरच्या रिबिनी काढायच्या आणि कोणी मागे राहिलं नाही ना, हे बघायचं. खिंडीतल्या चेकपॉइंटवर पोचले तेव्हा तिथल्या मुलाच्या कागदावर एक नंबर कमी होता. त्या नंबरचा धावपटू तिथून पुढे गेलेला नव्हता आणि माझ्या मागेही कोणी नव्हतं. वॉकीटॉकीवर नुसती खरखर. मोबाइलला रेंज नाही. बेस कॅम्पला कळवायचं तर कोणीतरी पाऊण तास चढून धारेवर जायला हवं होतं, आणि शेवटी तसंच करावं लागलं.

तो सापडला पहाटे पाचच्या सुमाराला, वाट सोडून बऱ्याच खाली असलेल्या एका धनगरवाड्यात. घोटा टम्म सुजलेला, अंगावर घोंगडी, हातात कोरा चहा. अंधारात रिबीन चुकून तो गुरांच्या वाटेने उतरला होता. पाय मुरगळल्यावर कुत्र्यांच्या भुंकण्याचा माग काढत खुरडत खुरडत वाड्यापर्यंत गेला. वाड्यातल्या मामांनी त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून मला विचारलं, "ताई, ह्याच्यात सगळी वाट दिसती म्हनं. मग तुमास्नी का कळालं न्हाई, ह्यो कुटं हाय त्ये?"

त्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर सोपं आहे. घड्याळातलं जीपीएस फक्त ऐकतं. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत घेऊन ते स्वतःची जागा काढतं, पण ती जागा दुसऱ्या कोणाला सांगायची ताकद त्यात नसते. त्या रात्री तो धावपटू पृथ्वीच्या पाठीवर नेमका कुठे आहे, हे त्याच्या घड्याळाला चांगलं ठाऊक होतं, आणि आम्ही नऊ-दहा जण त्याच डोंगरात टॉर्च मारत त्याच्या नावाने ओरडत होतो. आपल्याकडच्या काही शर्यतींत धावपटूला छोटा ट्रॅकर देतात. तो जागा कळवतो, पण मोबाइलच्या सिमवरून. म्हणजे रेंज आहे तिथेच तो बोलतो, आणि माणूस हरवतो तो नेमका रेंज नसलेल्या घळीत. तिसऱ्या प्रकारचं यंत्र थेट उपग्रहाशी बोलतं. जमिनीपासून सुमारे ७८० किलोमीटरवर इरिडियम या कंपनीचे ६६ उपग्रह फिरत असतात. त्यांच्यामार्फत हे यंत्र आकाश दिसेल तिथून आपली जागा आणि दोन ओळींचा निरोप पाठवू शकतं. जगभरच्या वाळवंटांत, बर्फात, जंगलांत लांब पल्ल्याचे धावपटू ते खांद्याच्या पट्ट्याला अडकवून धावतात. एका मोठ्या सफरचंदाहून त्याचं वजन कमी असतं.

आपल्या देशात मात्र परवान्याशिवाय असं यंत्र जवळ बाळगणं हा गुन्हा आहे.

मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर या कायद्यात आहे, आणि म्हणून हा प्रश्न एका छंदापुरता राहत नाही. मोबाइलची रेंज संपते तिथून पुढे अडचणीत सापडलेल्या माणसाला मदतीची हाक मारता आली पाहिजे. ती सोय कायद्याने, नोंदणी करून, सरकारच्या देखरेखीखाली मिळाली पाहिजे. आणि ती हाक ऐकून निघणारी माणसं आधी तयार असली पाहिजेत. यातला पहिला भाग सरकारकडे मागायचा आहे, दुसरा आपण धावणाऱ्यांनी आणि शर्यती भरवणाऱ्यांनी करायचा आहे. या दोन्हींतलं काहीही एकट्याने पुरणार नाही, असं मी पूर्ण विचारांती म्हणते आहे.

अल्ट्रामॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरहून लांब कोणतीही शर्यत. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स १९२१ पासून चालू आहे. जवळजवळ नव्वद किलोमीटरच्या त्या शर्यतीला दर वर्षी भारतातून मोठा जथा जातो आणि त्यात पुण्या-मुंबईचे लोक भरपूर असतात. लडाखमध्ये खारदुंग-ला ओलांडणारी ७२ किलोमीटरची शर्यत आहे. आपल्या दारात सिंहगड-राजगड-तोरणा आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पुण्यात 'शंभर किलोमीटर पळतो' असं कोणी सांगितलं तर लोक त्याच्याकडे काळजीने बघायचे. आता दर रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायवाटेवर टॉर्चची रांग लागते. एकदा चढून भजी खाऊन उतरणाऱ्यांबरोबर तीनदा, चारदा, पाचदा चढ-उतार करणारेही असतात. कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक, ज्याला सगळे केटूएस म्हणतात, तो तर आता कित्येकांचा सरावाचा रस्ता झाला आहे.

हे सगळं चांगलंच आहे. पण रस्त्यावरच्या मॅरेथॉनमधून डोंगरात आलेला धावपटू एक गोष्ट नकळत बरोबर घेऊन येतो: कोणीतरी जवळपास आहेच, हा भरवसा. रस्त्यावर दर दोन किलोमीटरला पाणी असतं, रुग्णवाहिका असते, टाळ्या वाजवणारे असतात. बसून राहिलात तरी दहा मिनिटांत कोणीतरी येऊन विचारतं. डोंगरात रात्री दोन वाजता घळीत बसलात तर कोणी येत नाही.

शरीराचं गणितही तिथे वेगळं असतं. धावत असताना शरीर स्वतःच भट्टी असतं. डिसेंबरच्या रात्री तोरण्याच्या धारेवर वारा सुटलेला असतानाही पातळ टी-शर्टमध्ये घाम येतो. पाय मुरगळला आणि थांबलात की ती भट्टी विझते. अंगातला कपडा घामाने ओला, पोटात काही नाही, वीस तासांचा शीण, आणि वारा. अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. पुढे बोटांनी साधी चेनही उघडत नाही. त्याच्याही पुढे विचार करायची ताकद जाते. अशा माणसाला आपण संकटात आहोत हेच कळत नसतं. गारठा वाढत जातो तसतसं माणसाला बरं वाटायला लागतं. त्यातल्या धोक्याबद्दल सरावाच्या गटांत क्वचितच बोललं जातं.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात काय घडलं, ते प्रत्येक डोंगरी धावपटूने एकदा नीट वाचायला हवं. बाइयिनजवळ पीत नदीच्या काठच्या दगडी सुळक्यांच्या प्रदेशात शंभर किलोमीटरची शर्यत होती. १७२ जण धावायला उतरले. सकाळी हवा धावण्याजोगी होती. दुपारच्या सुमाराला वरच्या भागात वादळी वारा, गारा आणि बर्फासारखा पाऊस सुरू झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या चेकपॉइंटच्या मध्ये सुमारे हजार मीटरचा खडा चढ होता आणि गाडी तिथे पोचू शकत नव्हती. गरम जॅकेट सक्तीच्या सामानात नव्हतं. अनेकांची जॅकेटं पुढच्या टप्प्यावर पाठवलेल्या पिशव्यांत होती. २१ जण थंडीने गेले. त्यांच्यात लियांग जिंगही होता, चीनच्या सर्वोत्तम अल्ट्रा धावपटूंपैकी एक. म्हणजे नवखे मेले आणि अनुभवी वाचले, असंही झालं नाही.

या घटनेतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या धावपटूंकडे ट्रॅकर होते. वाचलेल्यांपैकी एकाने नंतर लिहिलं की, वाऱ्याने पुन्हा पुन्हा खाली पाडल्यावर त्याने थंडीपासून वाचवणारं पातळ आवरण अंगाभोवती गुंडाळलं, ट्रॅकर काढला, एसओएसचं बटण दाबलं आणि त्याची शुद्ध हरपली. तो सापडला तो एका मेंढपाळाला. वादळ आल्यावर त्या मेंढपाळाने गुहेचा आसरा घेतला होता. तिथे त्याची गोधडी होती, सरपण होतं. त्याने एकट्याने सहा जणांना आत नेऊन शेकोटीजवळ बसवलं आणि ते वाचले.

बटण दाबलं होतं, यंत्र जवळ होतं, तरी त्या चढावर वेळेत पोचेल अशी माणसं तिथे ठेवलेली नव्हती. नंतरच्या चौकशीत आयोजनातल्या ढिलाईवर बोट ठेवलं गेलं आणि चीनने अशा शर्यती काही काळ बंदच केल्या. म्हणूनच कोणी 'प्रत्येकाला ट्रॅकर द्या, प्रश्न सुटला' असं म्हणालं की मला गान्सूचा तो चढ आठवतो.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि तेही तितकंच खरं. १९९४ मध्ये मोरोक्कोतल्या मॅरेथॉन दे साब्ल या वाळवंटी शर्यतीत मॉरो प्रोस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात वाट चुकला. तेव्हा धावपटूंकडे ट्रॅकर नव्हते. शोध घेणाऱ्या विमानाला तो दिसला नाही. एका ओसाड दर्ग्यात आसरा घेऊन, वटवाघळं खाऊन तो जगला, चालत राहिला, आणि सीमा ओलांडून अल्जेरियात पोचला. नऊ-दहा दिवसांनी शेळ्या राखणारी एक लहान मुलगी त्याला दिसली आणि तिच्यामुळे तो माणसांत आला. त्याच्या पाठीवर एक छोटं यंत्र असतं तर हे सारं काही तासांत आटोपलं असतं. यंत्राने माणसं वाचतात, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आता आपल्याकडे या. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल वाटेवर बावीस जणांचा गट बर्फाळ वादळात सापडला आणि त्यातले नऊ जण दगावले. ते धावपटू नव्हते, ट्रेकर होते, पण डोंगर असा भेद करत नाही. तिथे मोबाइल चालत नव्हता. मदतीचा निरोप पोचवायचा तर कोणीतरी रेंज मिळेपर्यंत उतरून जाणं एवढाच मार्ग होता. हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, राज्याचं आपत्ती पथक आलं, तेरा जणांना खाली आणलं गेलं. बचावाची ताकद आपल्याकडे होती. निरोपच उशिरा निघाला. सह्याद्रीतही असंच घडतं. लोणावळ्याच्या नागफणी परिसरात वाट चुकलेल्या एका तरुणाने सुरुवातीला फोनवर कळवलं होतं, मग फोन बंद पडला. शिवदुर्ग मित्रसारख्या स्वयंसेवकांनी आणि एनडीआरएफने दिवसच्या दिवस ते जंगल पिंजून काढलं, आणि हाती लागला तो त्याचा मृतदेह. ज्यांनी असे शोध घेतले आहेत त्यांना विचारा. दोरावर लटकण्यापेक्षा 'कुठे शोधायचं' हे माहीत नसणं जास्त छळतं.

कायदा असा का आहे, हेही प्रामाणिकपणे समजून घ्यायला हवं. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत शिरलेल्या हल्लेखोरांकडे थुरायाचा उपग्रह फोन होता. त्या रात्रीची मुंबई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या बंदीमागची भीती समजावून सांगावी लागत नाही. सीमाभागात, जंगलांत, समुद्रात कोण कोणाशी बोलतं आहे हे राज्ययंत्रणेला कळायला हवं, ही मागणी अवाजवी नाही. तिची खिल्ली उडवून हा प्रश्न सुटणार नाही आणि सुटूही नये.

पण बंदीचं जाळं इतकं मोठं विणलं गेलं की त्यात देवमाशाबरोबर मुंगीही अडकली. उपग्रह फोनवर कोणालाही, कितीही वेळ, काहीही बोलता येतं. संकटात दाबायचं बटण असलेल्या यंत्रावरून 'मी इथे आहे, मदत हवी' यापलीकडे फार तर दोन ओळींचा निरोप जातो. तरी कायद्याच्या लेखी दोन्ही एकाच पंक्तीला बसतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला तिच्या सामानात असं उपग्रहाशी बोलणारं यंत्र सापडल्यामुळे अडवलं गेलं आणि पुढे कायदेशीर कारवाईला तोंड द्यावं लागलं. तिच्या देशात ते यंत्र बरोबर न घेता डोंगरात जाणं हा बेजबाबदारपणा मानला जातो. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना प्रवाशांपर्यंत या बंदीची माहिती पोचवायला सांगितलं. माहिती पोचवणं योग्यच होतं. पण 'आणू नका' याच्या पुढे 'मग काय करा' हे कोणीच सांगितलं नाही.

आणि इथे मला पालघर आठवतं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरमध्ये मासेमारी नौकांसाठीच्या संपर्क यंत्रणेची देशव्यापी सुरुवात झाली. सुमारे ३६० कोटी रुपये खर्च, किनारपट्टीवरची तेरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, आणि टप्प्याटप्प्याने एक लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर. तंत्रज्ञान इस्रोचं. बोट कुठे आहे हे किनाऱ्यावर कळतं, वादळाचा इशारा बोटीपर्यंत जातो आणि संकटात बोटीवरून निरोप येतो. वसई, सातपाटी, डहाणूचा जो कोळी बांधव चाळीस-पन्नास मैल आत जातो, त्याला आपल्या राज्यसंस्थेने सांगितलं की तुझी हाक आम्ही उपग्रहावरून ऐकू. हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. आणि समुद्र हा सुरक्षेच्या दृष्टीने डोंगराहून कमी नाजूक प्रदेश नव्हे. २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले होते. तरीही राज्याने किनाऱ्यावरच्या माणसाला गप्प केलं नाही. त्याची नोंदणी केली, त्याला ओळख दिली आणि मग त्याच्या हातात यंत्र दिलं. कारण ओळख असलेला आवाज सुरक्षेला मदतच करतो, हे समुद्राच्या बाबतीत उमगलेलं आहे. डोंगराच्या बाबतीत तेवढं उमगायचं राहिलं आहे.

यासाठी नवं काही शोधून काढायची गरज नाही. कॉस्पास-सारसॅट नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९८२ पासून माणसं वाचवते आहे. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ हे शीतयुद्धाच्या ऐन भरात एकत्र आले आणि त्यांनी ही व्यवस्था उभी केली. ४०६ मेगाहर्ट्‌झवर चालणारं बीकन, म्हणजे फक्त संकटाचा संकेत पाठवणारं यंत्र, चालू केलं की उपग्रहामार्फत त्याचा संकेत जवळच्या नियंत्रण केंद्राकडे जातो. प्रत्येक बीकनला स्वतःचा क्रमांक असतो, तो मालकाच्या नावावर नोंदलेला असतो, आणि वापरणाऱ्याला वर्गणी पडत नाही. भारत या व्यवस्थेचा सदस्य आहे. आपलं नियंत्रण केंद्र बंगळुरूला इस्रोकडे आहे. विमानं आणि जहाजं आजही या व्यवस्थेच्या भरवशावर आहेत. विचार करा: या बीकनवरून कोणाशी गप्पा मारता येत नाहीत, कट रचता येत नाही, आणि ते चालू केल्यावर हाक सगळ्यात आधी भारत सरकारच्याच कानावर पडते. सुरक्षेचा आग्रह धरणाऱ्याला याहून सोयीचं यंत्र कोणतं हवं?

नोंदणी करून परवाना द्यायची रीतही आपल्याला नवी नाही. हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचे, शौकीन परीक्षा देतात, पडताळणीला सामोरे जातात, परवाना घेतात आणि सातासमुद्रापलीकडे बोलतात. पूर आणि चक्रीवादळात तेच लोक प्रशासनाच्या मदतीला उभे राहतात. त्या विश्वासाने देशाचं नुकसान झालं नाही. २०१७ पासून बीएसएनएलमार्फत रीतसर उपग्रह फोन मिळतात. २०२५ मध्ये उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला परवाना मिळाला. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा मागे सारून २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, त्याखालचे नियम लिहिले जात आहेत. आपलं म्हणणं मांडायची हीच वेळ आहे. माझी मागणी थोडक्यात अशी: संकटसूचक बीकन आणि फक्त जागा व ठरावीक निरोप पाठवणारी यंत्रं ही उपग्रह फोनपासून कायद्यात वेगळी काढा. पुरावा घेऊन नोंदणी करा. सीमेलगतच्या आणि संवेदनशील भागांत हवी तर जास्त कडक अट ठेवा. व्यक्तीला लगेच द्यायचं नसेल तर निदान नोंदणीकृत बचाव पथकांना, गिर्यारोहण संस्थांना आणि परवानगी घेऊन शर्यत भरवणाऱ्यांना द्या, त्यांच्याकडून ते भाड्याने मिळू दे. न्यूझीलंडमध्ये बीकन असं भाड्याने मिळतं आणि त्याची नोंदणी फुकट होते. तिथे डोंगरात निघालेला माणूस ते पाण्याच्या बाटलीइतक्या सहजपणे घेऊन जातो.

कोणी विचारेल की दमलेला माणूस उगीच बटण दाबेल, यंत्रणा फुकट धावेल. हा धोका आहे. म्हणूनच नोंदणीत घरच्यांचे फोन असतात. आधी तिथे चौकशी होते, मग पथक निघतं. मुद्दाम केलेल्या खोट्या हाकेला दंड ठेवावा, माझी हरकत नाही. पण आपल्याकडच्या धावपटूंचा माझा अनुभव नेमका उलटा आहे. बाद होऊ या भीतीने लोक मदत मागत नाहीत. पायाची नखं गेलेली, लघवी कोकाकोलासारखी गडद झालेली, तरी 'ताई, मी ठीक आहे' म्हणत पुढे जाणारे मी पाहिले आहेत. आपल्याला वेळेआधी हाक मारणाऱ्यांपेक्षा उशिरा हाक मारणाऱ्यांची काळजी करायला हवी.

इथून पुढचा भाग आपल्या माणसांसाठी.

परवानगी उद्या मिळाली असं धरून चला. तरी आज आपल्या कित्येक शर्यतींना ती पचणार नाही. ट्रॅकरचा ठिपका स्क्रीनवर दिसतो, पण रात्री तीन वाजता त्या स्क्रीनसमोर जागं कोण बसणार? ठिपका वीस मिनिटं हलला नाही तर कोणाला पाठवायचं, हे आधी ठरलेलं आहे का? हवा बिघडली तर शर्यत थांबवायचा अधिकार कोणा एका माणसाकडे आहे का, आणि प्रायोजक, बक्षीस समारंभ, बाहेरगावहून आलेले धावपटू हे सगळं समोर असताना तो अधिकार वापरायची त्याची छाती आहे का? मी ज्या रात्रीबद्दल सांगितलं, त्या रात्री आमच्याकडे धावपटूंची मोजणी कागदावर होती आणि दोन चेकपॉइंटच्या आकड्यांचा मेळ घालायला कोणी नव्हतं. तिथे उपग्रहाने काय केलं असतं? मोजणी चोख असती तर तो धावपटू चुकला हे आम्हाला दीड तास आधी कळलं असतं. ती चूक आमची होती, माझीही होती. शेवटचा नंबर ताडून घेतल्याशिवाय मागचा चेकपॉइंट सोडायला नको होता.

उपग्रहाशिवाय करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते आजच करता येतं. धारेवर रिले म्हणून, म्हणजे निरोप पुढे पोचवायला, एक माणूस बसवला तर घळीतली वॉकीटॉकी बोलू लागते. कमी ताकदीच्या वॉकीटॉकीसाठी ४४६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना खुला आहे. परवानाधारक हॅम मंडळींना बोलावलं तर ती आनंदाने येतात. स्थानिक बचाव पथकाला शर्यतीच्या नुसत्या तारखेचं पत्र न पाठवता वाटेची आखणी करतानाच बरोबर घ्यावं. कोणत्या घळीत रेंज जाते, कोणत्या झाडाला आग्यामोहोळ आहे, कुठून झोळीत घालून माणूस उतरवता येतो, हे त्यांना पाठ असतं. आणि सक्तीचं सामान खरोखर सक्तीचं करावं. युरोपातल्या मोठ्या डोंगरी शर्यतींत दोन टॉर्च, शिट्टी, जॅकेट, थंडीचं आवरण यांतलं काही नसेल तर दंडाचे मिनिट लागतात किंवा थेट बाहेर काढतात. आपल्याकडे बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेताना पिशवी उघडून बघणारा स्वयंसेवक ओशाळलेला असतो, आणि 'अहो, जॅकेट गाडीत आहे' म्हटलं की सोडून देतो. गाडीतलं जॅकेट धारेवर कामाला येत नाही.

धावपटूच्या तयारीबद्दलही थोडं बोलते, कारण आपण तयारी म्हणजे किलोमीटर असंच समजतो. आठवड्याला किती झाले, शनिवार-रविवार मिळून लाँग रन किती झाला. ते लागतंच. उताराचा सराव लागतो, कारण चढाने दम जातो पण उताराने मांड्या फाटतात. खाण्याचा सराव लागतो. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर, गूळ-शेंगदाणे, चिक्की, ताक, कोकम यांतलं आपल्या पोटाला तेराव्या तासाला काय चालतं, हे सरावातच कळतं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागतो, हे माहीत असावं लागतं. पण या सगळ्याबरोबर हरवण्याची तयारीही करायला हवी. रिबीन दहा मिनिटं दिसली नाही तर पुढे न जाता शेवटच्या रिबिनीपर्यंत परत यायचं. पाय गेला तर आधी अंगात जॅकेट, मग आवरण, मग बाकीचं. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा: हा डोंगरातला संकटाचा जागतिक इशारा आहे. फोन एअरप्लेन मोडवर ठेवून बॅटरी वाचवायची आणि उंचवट्यावर आल्यावर ११२ लावायचा. तो कॉल कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून जातो, आणि बोलणं जमलं नाही तरी एसएमएस कधी कधी निसटून जातो. माझ्या गटात मी हे दोनदा करून घेतलं. रात्री, टॉर्च बंद करून, प्रत्येकाला एकट्याने वीस मिनिटं बसवून. पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्या वेळेला कोणी हसलं नाही, कारण नोव्हेंबरातल्या त्या वीस मिनिटांत किती थंडी वाजते ते सगळ्यांना कळलं होतं.

आता पुन्हा त्या वाड्याकडे येते. सकाळी झोळी करून आम्ही त्या धावपटूला उतरवत होतो, तेव्हा मामा बरोबर आले. वाटेत त्यांनी सहज सांगितलं की दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या भावजयीला साप चावला होता. त्याच धारेवर रेंज शोधत त्यांचा मुलगा धावत गेला होता, आणि गाडी गावात येईपर्यंत तिला असंच झोळीतून उतरवलं होतं. ती वाचली. शेजारच्या वाड्यातली एक पोर वाचली नव्हती. आम्ही वर्षातून एक रात्र तिथे असतो. ते बारा महिने असतात. म्हणून शर्यतीच्या परवानगीसाठी अर्ज करताना आयोजकांनी आणि ती देताना प्रशासनाने एवढं ठरवावं, असं मला वाटतं: ज्या वाड्या-वस्त्यांच्या अंगणातून आपण धावतो, तिथे संपर्काचं एक कायमचं साधन ठेवायचं. आज ते वॉकीटॉकीचा संच आणि धारेवरचा रिले असेल, उद्या कायदा बदलला तर मामांच्या नावावर नोंदलेलं बीकन असेल. त्या रात्री आमच्यापैकी कोणाला जमलं नाही ते त्यांनी केलं होतं. माणूस शोधला, ऊब दिली, चहा पाजला. फक्त आम्हाला कळवायची सोय त्यांच्याकडे नव्हती.